कुणाच्या घराण्याचं

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, अंघोळ घालताना, बारा दिवसांच्या बाळाच्या पाठीवर तीन टणक गाठी हाताला लागल्या.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही हो, विहीणबाई," बाळाच्या वडिलांची आई म्हणाली.

"आमच्या तर सात पिढ्यांत नाही," आईची आई म्हणाली. बाळाची आई दोघींच्या मध्ये बसून रडत होती.

साडेदहाला दवाखान्यात डॉक्टरबाईंनी गाठी हलकेच चाचपल्या आणि त्या हसल्या. "कातडीखालची चरबी थोडी घट्ट झालीय. भरल्या अंगाच्या बाळांना होतं कधीकधी. हळूहळू आपोआप जाईल. चोळू नका, दाबू नका. यात कधीकधी रक्तातलं कॅल्शियम वाढतं, तेवढं अधूनमधून तपासत राहू." दुपारी चारला पहिला रिपोर्ट आला. सगळं ठीक होतं. आईने बाळाचे इतके पापे घेतले की ते वैतागलं.

"भरलं अंग म्हणजे आमचंच वळण," वडिलांची आई म्हणाली. "आमच्या ह्यांच्या पाठीवर आहे की अश्शीच गाठ!"

"एकच? आमच्या ह्यांना दोन आहेत!"

"मग दाखवा की!"

 

संध्याकाळी सहा वाजता दोन्ही आजोबा शर्ट वर करून भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि दोन्ही आज्या चष्मे लावून शोधत होत्या. अद्याप एकही गाठ सापडलेली नाही.