गस्तीच्या होडीत विहिणी

रविवारी नदीवर हौशी होड्यांची गर्दी होई, आणि कुणी बुडू नये म्हणून स्वयंसेवक गस्त घालत. निवृत्त नर्सबाईंना गस्तीच्या होडीत जोडीदार मिळाली ती नेमकी लेकीची सासू. मुलांच्या लग्नापासून ‘अहो विहीणबाई’च्या पलीकडे दोघींचं बोलणं कधी गेलंच नव्हतं. आज पुलाखालच्या ओढीत एक होडी उलटली आणि तिच्यातला तरुण गटांगळ्या खाऊ लागला. विहीणबाईंनी सपासप वल्हं मारलं, नर्सबाईंनी दोरी फेकली, त्यानं ती पकडली आणि होडी एकीकडे कलली. “अगं, मागे रेल!” विहीणबाई ओरडल्या. “रेललेय गं, तू वल्हव!” काठावर आल्यावर तरुणानं पोटभर प्यायलेलं पाणी ओकलं आणि धापा टाकत विचारलं, “तुम्ही दोघी बहिणी का?” नर्सबाई ‘विहिणी’ म्हणणार, तोच विहीणबाई म्हणाल्या, “हो. ही धाकटी, म्हणून हट्टी.” नाही म्हणायचं नर्सबाईंच्या जिवावर आलं.