गुडघाभर पाण्यातली अंगठी

धातू शोधायचं मशीन देताना दुकानदाराने बजावलं होतं, "साधं मशीन खाऱ्या पाण्यात उगाच बोंबलतं, म्हणून हे घ्या. वापरून झालं की गोड्या पाण्याने धुवा. आणि शोधताना स्वतःची अंगठी काढून ठेवा, नाहीतर स्वतःलाच शोधत बसाल!"

मागच्या रविवारी बायको इथेच, समुद्राच्या गुडघाभर पाण्यात, पाय घसरून पडली. क्षणभर दिसेनाशी झाली, मग हसत उठली. बोटातली अंगठी तेवढी गेली.

आज मी माझी अंगठी तिच्याकडे दिली. ती काठावर बसली. एरवी कुठे ताटकळावं लागलं की ती माझा हात धरते आणि अंगठ्याने दोनदा दाबते. म्हणजे, चल, घरी जाऊ. लग्नापासूनची खोड. आज मात्र नुसती बघत राहिली.

मशीन कितीतरी वेळ मुकंच होतं. वैतागून मी परत फिरणार, एवढ्यात हेडफोनमध्ये स्वच्छ सूर वाजला. बायको पडली होती, अगदी तिथेच.

मी वाळूत हात खुपसला. अंगठी बोटांना लागली. ओढली, तर येईना.

"सापडली गं!" मी ओरडलो.

ती उठून उभी राहिली. हसली नाही.

वाळूखाली कुणीतरी माझा हात धरला आणि अंगठ्याने दोनदा दाबला.

"सोड ते," काठावरून बायको म्हणाली. "चल, घरी जाऊ."