पायांवरची शाल

सिडसेल खड्ड्यापाशी आली तेव्हा माणसं मेलेल्याला मान म्हणून टोप्या काढून उभी होती. चुलीत जाळायला दलदलीतली काळी माती कापताना क्रेस्टनच्या फावड्याला प्रेत लागलं होतं. कुशीवर निजलेला तरुण, हनुवटीवर दाढीचे खुंट, गळ्यात चामड्याचा दोर. हाक मारली तर उठेल असा चेहरा.

"विहीणबाई, जपून उतरा," क्रेस्टन म्हणाला.

अकरा वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता. त्याच्या मुलीशी, इंगरशी लग्न ठरलेलं असताना सिडसेलचा मुलगा लाउस्ट नाहीसा झाला. पोरीला फसवून अमेरिकेला पळाला, असं सगळं गाव म्हणालं. तेव्हापासून चर्चमध्ये सिडसेलच्या बाकावर कुणी बसत नसे. मेलेल्याला लोक माफ करतात, पळालेल्याला नाही. आज मात्र खड्ड्यातला हा लाउस्टच, असं सगळ्यांना वाटत होतं.

तिनं आधी पाय बघितले, मग चेहरा. अंगावरची शाल काढून तिनं ती त्या काळ्या पडलेल्या पायांवर घातली, कडा नीट खोचल्या.

"माझाच आहे," ती म्हणाली. "लाउस्ट."

क्रेस्टननं काढलेली टोपी छातीशी धरली. "गळा आवळून मारलं हो कुणीतरी पोराला. आणि मी इतकी वर्षं त्याला शिव्या घालत होतो. जिभेला हाड नसतं म्हणतात, खरंय."

"असू दे, व्याही."

"असू दे कसं? इंगर येईल मातीला. नंतरची कॉफी आमच्या घरी. तुम्ही एकटीनं काही करायचं नाही."

सिडसेल तेव्हा कुठे रडली. तिच्या रडण्यात सुखच जास्त होतं, पण ते कुणाला कळलं नाही.

अशी प्रेतं आसपास पूर्वीही निघाली होती, म्हणून पोलिसानं शहरातल्या संग्रहालयातून एका गृहस्थांना बोलावलं होतं. ते पोचले, खड्ड्यात उतरले, प्रेताच्या वरच्या मातीवरून हात फिरवत राहिले.

"ही माती कुणी कधी खणलेलीच नाही," ते म्हणाले. "थरावर थर चढत गेलेत. दोन हजार वर्षं तरी झाली असतील याला. दलदलीच्या पाण्यात कातडी अशीच राहते."

"मग मारला कुणी? का?" पोलिसानं विचारलं.

"ते आता कुणालाच कळायचं नाही."

क्रेस्टननं प्रेताकडे बघितलं, सिडसेलकडे बघितलं आणि टोपी डोक्यावर चढवली.

"म्हणजे लाउस्ट तिकडे अमेरिकेतच आहे," तो म्हणाला. "मजेत." बाकीच्यांनीही टोप्या घातल्या. "बाजूला व्हा बाई, याला संग्रहालयात न्यायला खोका खाली सोडायचाय."

माणसं खोक्याच्या फळ्या आणायला गेली. गृहस्थांनी शाल उचलून झटकली आणि तिच्या हातात दिली.

"मनाला लावून घेऊ नका. एवढा ताजा चेहरा, चूक कुणाचीही होईल."

"चूक नाही झाली," सिडसेल हळूच म्हणाली. "लाउस्टच्या डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली. याची सुटी आहेत. बघितल्याबरोबर कळलं मला."

"मग आपला म्हणून का सांगितलंत?"

तिनं शाल खांद्यावर ओढून घेतली. ओल्या मातीनं ती जड झाली होती.

"लाउस्टसाठी टोप्या काढल्या होत्या हो त्यांनी."