कोनाड्यापर्यंतची शिडी

"दुकान चालो का न चालो, दिवेलागणीले कोनाड्यात दिवा लावत जाय वं." शेवटच्या आजारपणात यजमानांनी एवढंच सांगितलं. इतवारीतलं आमचं कापडदुकान रिकामं झालं, तरी मी दिवा चुकवला नाही. यंदा पुतण्यानं तिथं पोरांसाठी खेळघर केलं. साड्या टांगायच्या आकड्यांना झोके बांधले. फ्रॉक झुलले की कापडाची ठाणं उलगडल्यासारखं वाटतं. ठाणं काढायची उंच शिडी त्यानं घसरगुंडीला जोडली. कोनाडा नेमका तिच्या माथ्याशी. "काकू, दिवा आता घरीच लावा, पडसान," तो म्हणाला. मी हसून पणती उचलली नि शिडीकडे वळले. एक चिमुरडी ओरडली, "आजी, लाइन हाय! मांगं उभी राय वं. आन् चढलं का घसरूनच उतरा लागते!" मी मागं उभी राहिले. पाळी आली, तसा काष्टा सावरला आणि पहिली पायरी चढले.