रबरावरची साय

मीटरचा आकडा हलला तेव्हा राजेश्वरीला आधी खरंच वाटेना. तिने वैतागून रबराच्या तुकड्यावर पॉलिश पेपर घासला होता, एवढंच. आता त्याच तुकड्यातून वीज सुरळीत जात होती.

"जमलं की!" शेजारच्या टेबलावरून रविराज ओरडला. "रबरात मळलेल्या पावडरचा दोष नव्हताच. साच्यातून निघताना रबरावर पातळ साय धरते ना, तीच वीज अडवत होती."

नागापूरच्या त्या कारखान्यात वर्षभर एकच ध्यास होता, वीज वाहून नेणारं रबर. वीज वाहणाऱ्या ग्राफिनच्या काळ्या भुकटीवर प्रक्रिया करायची, ती रबरात मळायची, मीटर लावायचा आणि तोंड पाडून बसायचं.

"म्हणजे नापास म्हणून टाकलेले सगळे तुकडे पासच होते," रविराज हसत म्हणाला.

राजेश्वरीने घाईने फोन शोधला. त्यातला एक मोठा तुकडा तिने दिवाळीत कोपरगावला घरी नेला होता. वडिलांच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर शॉक मारायचा, म्हणून ते लाकडी फळीवर उभे राहून बटण दाबायचे. "आप्पा, फेका ती फळी. हे रबर आहे. यातून वीज जात नाही, मी स्वतः तपासलंय," असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. तेव्हापासून रोज त्यावर आप्पांचे अनवाणी पाय घासत असणार. ती साय आता कितीशी उरली असेल?

तिने फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला. उचला की हो आप्पा! शेवटी त्यांनी उचलला.

"आप्पा, त्या रबरावर उभे राहू नका! त्यातून वीज जाते!"

"मी कुठं उभा ऱ्हातो?" आप्पासाहेब हसले. "लेकीनं केलेल्या वस्तूवर मी पाय कसा ठिवू? माझी फळीच बरी हाय."

राजेश्वरी मटकन खुर्चीत बसली. तिला रडू फुटलं. "मग कुठे ठेवलंय ते?"

"शेजारच्या हनुमंताला दिलं, तवाच. त्याचा स्टार्टरबी शॉक मारतो. म्हनलं, माझ्या पोरीनं तपासलंय, बिनघोर उभा ऱ्हा." मग त्यांचा आवाज अडखळला. "पोरी, त्याची बायको आत्ताच विचारून गेली. सकाळी मोटार चालू करायला गेलेला हनुमंत अजून जेवायला आला न्हाई."