एकाच नंबरावर

बाहेरगावी असलेल्या पोरांनी मतदानाला यावं म्हणून डोणगावच्या निशिगंधानं रील बनवलं. त्याची सुरुवातच अशी होती, "घरी ये रे दादा. तुझ्या मताची वाट पाहून राह्यलो आम्ही."

ते रोज सकाळी फॉरवर्ड करायचे तिचे वडील भागवतराव, आणि तेही एकाच नंबरावर. पुण्यातल्या गोकुळच्या. दोन दिवाळ्या झाल्या, बापलेकांत बोलणं नव्हतं. रील जायचं, वाचल्याच्या निळ्या खुणा यायच्या, बस.

"माझ्या रीलचं बाबांना केवढं कौतुक!" निशिगंधा मैत्रिणींना सांगायची.

मतदानाच्या दुपारी भागवतरावांच्या मोबाइलवर शाई लावलेल्या बोटाचा फोटो आला. खाली गोकुळनं लिहिलं होतं, 'गावात येऊन मत दिलं. स्टँडवर आहे, चारच्या गाडीनं परत जातो.'

भागवतरावांनी फोटो मोठा करून ते बोट पाहिलं. मग त्यांनी तेच रील पुन्हा पाठवलं.

"बाबा, त्यानं मत देलं ना! आता काऊन पाठवून राह्यले?" निशिगंधानं मोबाइलमध्ये डोकावत विचारलं.

मोबाइलवरची नजर न काढता ते म्हणाले, "मताचं नाही वं पोरी. मी त्याले रोज पयलं वाक्यच पाठवून राह्यलो."