छगनचा विसराळूपणा

नंदुरबारच्या छगन फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याची लेन्स अंगठ्याएवढी. मोठ्या लेन्सपेक्षा तिला ऊनही जास्त लागे. लोक हसले की छगन मिरचीबाजाराचा फोटो पुढे करी. "ढिगातली एकेक मिरची मोजी ल्या, मंग हसा."

फक्त फोटोआधी लेन्सची नळी बाहेर ओढावी लागे. राहिली, तर फोटोत नुसतं धुकं. नऊ वर्षांत छगन एकदाही विसरला नव्हता.

या महिन्यात दोनदा विसरला. दोन्ही वेळा समोर शेजारची गजरा होती. एकट्या राहणाऱ्या छगनशी दिवसातून दोन शब्द बोलणारी तेवढी एकच. तिचा फोटो धुळ्याच्या स्थळाला पाठवायचा होता, आणि पसंत पडला की ती जाणार होती.

"तुन्ही लेन्सले चष्मा लाव रे, छगन!" तिचे वडील लोटनअण्णा करवादले. "पोरगी शे का भूत, तेच समजस नही."

आज गजरा तिसऱ्यांदा अंगणातल्या उन्हात बसली. अण्णा मागची चादर सरळ करायला वळले, तशी ती हळूच म्हणाली,



"छगनभाऊ, आते तरी ती नळी बाहेर वढा."